छातीचा पट्टा

नोहोरा पिराबानकडे पातीच्या कांद्याचा धंदा आईकडून आला होता. तळ्याकाठच्या वाफ्यांतून जुड्या उचलायच्या, जुन्या पिकअपमध्ये भरायच्या आणि डोंगर उतरून सोगामोसोच्या बाजारात विकायच्या. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. तिच्याशी भाव ठरवण्याआधी दलालसुद्धा घसा खाकरून घ्यायचे. पण गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याची, एवेलिओची, बायपास झाली आणि ही बाई घाबरायला शिकली. तो न्हाणीघरात जरा रेंगाळला तरी ती दार वाजवायची.

एवेलिओ बस दुरुस्त करणारा मिस्त्री, आणि गावातल्या निम्म्या पुरुषांसारखाच सायकलवेडा. ऑपरेशन झाल्यापासून त्याची सायकल मागच्या खोलीत खुंटीला टांगलेली होती. शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली. अट एकच, ठोके एकशे तीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. नोहोराने त्यात आपली भर घातली. ठोके मोजणारं यंत्र घरात आल्याशिवाय सायकल खुंटीवरून उतरणार नाही.

सायकलचे दुकानदार काम्पो एलियास यांनी त्यांच्यापुढे दोन वस्तू ठेवल्या. एक मनगटी घड्याळ आणि एक छातीला बांधायचा पट्टा.

"घड्याळ कातडीवर उजेड टाकून खालच्या रक्तावरून ठोके ओळखतं," तो म्हणाला. "रोजच्या चालण्याफिरण्याला ठीक आहे. पण थंडीत, मूठ आवळून चढ चढताना कधीकधी गंडतं. पट्ट्याला थेट हृदयाचा इशारा मिळतो, आणि आकडा हँडलवरच्या या डबीत दिसतो. तुमच्यासारख्याला मी पट्टाच देईन."

"पट्टा द्या," नोहोरा म्हणाली.

"घड्याळ द्या," एवेलिओ म्हणाला.

"अहो, ते काय सांगताहेत, ऐकलंत ना?"

"ऐकलं. छाती माझी आहे. घड्याळ बांधा."

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती म्हणून ती गप्प बसली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाली, "शोभेची वस्तू घेतलीत."

"वेळ तरी कळेल," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

पुढच्या रविवारी गावातली सायकलवाली मंडळी क्रूसेरोच्या घाटाला निघाली. सगळ्यांत पुढे लिसीमाको न्हावी, एवेलिओचा शाळेपासूनचा दोस्त. तळ्यावर कांदे आणायला जायचंय असं सांगून नोहोराने पिकअप त्यांच्या मागे काढली. रविवारी कांदे कुणी उपटत नाही, हे एवेलिओलाही ठाऊक होतं. 

निलगिरीची झाडं मागे पडली, बटाट्याची शेतं लागली आणि धुकं खाली आलं. गारठा असा की काच वर केली तरी तिची बोटं स्टिअरिंगवर आखडत होती. एका वळणावर तिने गाडी त्याच्या बाजूला आणली.

"किती?"

त्याने मनगट वळवलं. "एकशे आठ."

आकडा चांगला होता, पण तिला बरं वाटेना. त्याचं तोंड उघडं पडलं होतं आणि प्रत्येक पायडलला खांदे डुलत होते. पुढच्या वळणावर तिने पुन्हा विचारलं. "एकशे... दहा," तो म्हणाला, आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये त्याला श्वास घ्यावा लागला.

लिसीमाको मागे वळून ओरडला, "वहिनी, पाठवणीला आल्यासारख्या मागेमागे काय येताय? गडी तरणा झालाय."

ते ऐकून एवेलिओ सीटवरून उठला आणि उभ्याने पायडल मारू लागला. घड्याळ परवानगी देत होतं, मग त्याला अडवणार कोण? नोहोराने त्याच्या कानामागची कातडी पाहिली. ओल्या राखेच्या रंगाची झाली होती. तिने गाडी पुढे काढली, वळणापुढच्या मोकळ्या जागी आडवी घातली आणि खाली उतरून हात पसरून उभी राहिली.

"वेड लागलंय का तुला?" तो कसाबसा थांबला.

ती त्याच्याजवळ गेली. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवणाऱ्या नर्सने दाखवलं होतं, तशी दोन बोटं त्याच्या मानेवर ठेवली आणि गाडीतल्या घड्याळाकडे बघत मोजायला लागली. मध्येच चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"एकशे साठच्या वर."

"खोटं. हे बघ, एकशे अकरा." त्याने मनगट तिच्या तोंडासमोर धरलं.

"मग मानेत कोण धावतंय तुमच्या?"

त्याने मनगट खाली घेतलं. सायकल त्याने कठड्याला टेकवली आणि पिकअपच्या फाळक्यावर बसला. जरा वेळाने खाली बघत म्हणाला, "डाव्या खांद्यात जड वाटतंय. थोडंसंच."

सायकल पिकअपच्या हौद्यात टाकून तिने गाडी उलटी फिरवली. घाट उतरताना तिला ब्रेक दाबायचाही धीर होत नव्हता आणि न दाबायचाही. शेजारी त्याने डोळे मिटले होते.

"बोलत राहा."

"काय बोलू?"

"पट्टा का नको होता, ते बोला."

दोन वळणं गेली. "निघायच्या आधी लिसीमाकोच्या अंगणात सगळे कपडे बदलतात," तो म्हणाला. "पट्टा बांधायचा म्हणजे सदरा वर करायचा. ऑपरेशनची सगळी शिवण दिसते. आणि छातीला काही बांधलं ना, की मला हॉस्पिटलातली ती वायरींची खोली आठवते."

घरात तो तिच्याकडे पाठ करून सदरा बदलायचा. थंडी वाजते म्हणून, असं तिला वर्षभर वाटत आलं होतं. समोर दुधाचा टँकर आला, म्हणून तिला त्याच्याकडे बघता आलं नाही.

हॉस्पिटलने त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. हृदयाला इजा झालेली नव्हती. डॉक्टरांनी दोघांनाही एकाच सुरात झापलं आणि सायकल पुन्हा खुंटीला गेली.

घाटाची परवानगी परत मिळायला पाऊसकाळ उलटावा लागला. काम्पो एलियासने पट्टा देताना मागचं काही काढलं नाही. "बांधायच्या आधी आतली बाजू ओली करा," एवढंच सांगितलं. "कोरडा बांधला तर हाही गंडेल."

त्या रविवारी लिसीमाकोच्या अंगणात एवेलिओने सर्वांदेखत सदरा वर केला. गुळाच्या गरम पाण्याचे कप हातातच राहिले. कुणीतरी उगाच टायर दाबून पाहिला. नोहोराने पट्टा ओला केला आणि त्याच्या छातीभोवती बांधला. तिच्या बोटांखाली त्याचं अंग ताठ झालं होतं.

लिसीमाको जवळ येऊन वाकला. "शिवण बरी घातलीय," तो म्हणाला. "आमच्या शिंप्यापेक्षा सरळ आहे."

एवेलिओ हसला आणि सदरा खाली ओढला.

घाटात हँडलवरचा आकडा वर सरकत गेला. एकशे चोवीस, एकशे सत्तावीस. मंडळी धुक्यात शिरत होती. नोहोरा मागून त्याच्या पाठीकडे बघत होती. हॉर्नवर ठेवलेला हात तिने मुद्दाम मांडीवर घेतला. आकडा एकशे एकोणतीस झाला. एवेलिओने एकदा पुढे पाहिलं, एकदा डबीकडे पाहिलं. मग तो उतरला आणि सायकल हातात धरून चालू लागला.

ती गाडी त्याच्या बरोबरीने आणून म्हणाली, "बोलता येतंय ना?"

"येतंय," तो म्हणाला. "पण तुझ्याशी बोललं की आकडा चढतो. जरा मागे राहा."

ती मागे राहिली.