मेंढी की मटण?

“तिजोरीत खडखडाट” असं कुणी म्हणालं की आमचे तूटसर हातातला चहा तसाच ठेवून त्याच्या अंगावर धावून जायचे. “तूट म्हणता, ती कुठली? महसुली का राजकोषीय?” समोरचा लगेच चपला शोधायला लागायचा. दौंड तालुक्यातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत.

सर खुटबावचे, मेंढपाळाच्या घरातले. वर्गात शुद्ध बोलायचे, पण चिडले की घरची भाषा बाहेर यायची, आणि चिडायचे रोजच. “कर्ज काढून मेंढी आणली तरी तूट, आन् कर्ज काढून मटण आणलं तरी तूट. आकडा सारखाच दिसतोय. पर मेंढी उद्या कोकरू देती. मटणाचं काय ऱ्हातं?” तूट वाढली म्हणून बोंब मारणारे आणि घटली म्हणून पेढे वाटणारे, दोघांचीही ते सारखीच खरडपट्टी काढत.

एका अर्थसंकल्पाला सरकारी कंपनीतला हिस्सा विकून तूट कमी झाल्याची बातमी आली. सरांनी खडू फळ्यावर आपटला. “कळप इकला, आन् म्हणं कमाई वाढली!” आम्ही हसलो, तर आम्हालाही शिव्या बसल्या.

सरांच्या निवृत्तीच्या समारंभाला संस्थेने एका पुढाऱ्याला बोलावलं होतं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. सरकारने काटकसर करून तूट आटोक्यात आणली, असं आप्पांनी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. सर शाल खुर्चीवर टाकून उठले.

“आप्पा, काटकसर कशाची, ते मी सांगतो. माझ्या जागेवर माणूस द्यायचा न्हाई, असं वरनं आलंय. माझा पगार वाचला, तेवढी तूट घटली. व्हय, आकडा खरा हाय. पोरं दौंडला जातील, पर ह्या पोरींना अर्थशास्त्र कोण शिकवणार? ही तूट कुठं धरली तुम्ही?”

“सर, आजच्या दिवशी तरी चिडू नका,” आप्पा हसत म्हणाले.

“मग कवा चिडू?”

टाळी एकही पडली नाही.

जूनमध्ये विषय बंद झाला. माझ्या धाकट्या बहिणीला अर्थशास्त्रच घ्यायचं होतं. त्यासाठी तिला रोज एकटीला दौंडला पाठवायला वडील तयार झाले नाहीत. ती आता कंपनीच्या गाडीने कुरकुंभच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. सरही वारले. परवा पेपरात तूट आणखी घटल्याची बातमी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहीण पहिल्या शिफ्टचा डबा भरत होती. मी तिला ती बातमी वाचून दाखवली नाही. त्या घटलेल्या आकड्यात तिचं शिक्षणही होतं; कुठल्या तोंडाने दाखवणार?