अबोल्यातलं सिलिंडर

बाबांच्या डब्याच्या पोळ्या निम्म्या झाल्या आणि गॅस संपला. शेजारच्या शकूकाकूंशी आईचा पाण्यावरून अबोला होता, तरी तिने त्यांचंच दार वाजवलं. काकू भरलेलं सिलिंडर गडगडवत घेऊन आल्या. "भाऊजी उपाशी जायला नकोत. बोलणं मात्र बंदच आहे हं!" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

शेजारी देश टंचाईत एकमेकांना नैसर्गिक वायू देण्याचे करार करतात, असं कॉलेजात शिकवलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली, त्यामुळे मनात आलेला प्रश्न घरी विचारू कोणाला? सीमेवर भांडण चालू असताना आधी दार कोण वाजवत असेल?

बाबा डबा घेऊन निघाले. आई मला म्हणाली, "आपलं सिलिंडर आलं, की आधी त्यांच्याकडे नेऊन दे. मी नाही जाणार."