दीडपट

डॉक्टरांनी पळायला सांगितलं आणि बाईंनी रियाज करायला. दोघांनाही माझी सकाळच हवी होती. बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या बाई. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही, आणि गुडघे असे की दवाखान्याशिवाय त्या खाली उतरत नाहीत. मी सत्तेचाळीसची, स्वारगेटजवळ राहणारी, ऑफिसात दिवसभर खुर्चीला चिकटलेली.

स्वतःला फार हुशार समजणं हा माझा जुना आजार आहे. एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. बाईंची शिकवणी मी फोनवर रेकॉर्ड करतेच. तीच कानात घालून सारसबागेभोवती पळायचं. पहिल्याच दिवशी कळलं की विलंबित ख्यालावर माणसाला पळता येत नाही. बाईंचा भूप राग समेवर येईपर्यंत एक आजोबा काठी टेकत माझ्या पुढे निघून गेले. मग फोनमध्ये वेग वाढवायची सोय सापडली आणि मी बाईंना दीडपट केलं.

काय सांगू, पायांना चाकंच लागली. तबला लगबगीने वाजायला लागला, बाईंचे टोमणेही झटपट यायला लागले. “श्वास कुठे घेतलात? शब्दाच्या मधोमध? तो काय बसस्टॉप आहे?” हे ऐकताना मी खरोखरच धापा टाकत असायचे, त्यामुळे टोमणे रोज ताजे वाटत. तीन महिन्यांत तीन फेऱ्या न थांबता व्हायला लागल्या. मी एकटीच हसत पळायचे आणि फिरायला आलेले लोक वळून बघायचे. बघू देत. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्यात गुरुपौर्णिमा जवळ आली. चार वर्षं मी त्या दिवशी बाईंच्या घरी सतरंज्या घातल्या होत्या आणि पेढे वाटले होते. यंदा बाईंनी मला गायला सांगितलं, दहा मिनिटं भूप. मी साडीसुद्धा काढून ठेवली होती.

पंधरा दिवस आधीच्या शिकवणीला मी सुरुवात केली आणि दोन ओळींत बाईंनी हात वर केला. कुठे निघालात, म्हणाल्या. गाडी चुकत असेल तर रिक्षा करा, बंदिशीला पळवू नका. पुन्हा गायले, पुन्हा तेच. तबल्याच्या आधी मी समेवर हजर. तिसऱ्यांदाही मी पुढेच. बाईंनी तबल्याचं यंत्र बंद केलं.

“ही दीडपट लय आहे. मी ती तुम्हाला अजून शिकवलेली नाही,” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाकडे जाता का? जात असाल तर जा. फक्त सांगून जा.”

गुरुपौर्णिमा, साडी, सगळं राहिलं बाजूला. मी त्यांना सोडून गेले असं या बाईंना वाटतंय, हे मला सोसवेना. डोळ्यांत पाणीच आलं. मी फोन काढला, सगळं कबूल केलं आणि पुराव्यादाखल त्यांच्या कानात इयरफोन घातला. दीडपट वेगाने माझ्यावर ओरडणाऱ्या स्वतःलाच त्यांनी मिनिटभर ऐकलं. आता घरी पाठवतात, असं मी धरूनच चालले होते.

“भूप? सकाळी सहाला?” त्यांना धक्का बसला तो याचा. भूप संध्याकाळचा. मग किती फेऱ्या मारता, असं विचारलं. तीन, म्हटलं.

“म्हणजे मी रोज सारसबागेला जाते तर,” बाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग विचारलं, कोपऱ्यावर एक बहावा होता, आहे का अजून? मला सांगता येईना. तीन महिने पळत होते, पण बुटांच्या पलीकडे काही बघितलंच नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी मला नवं रेकॉर्डिंग करून दिलं. देसकार रागातली द्रुत बंदिश. सूर भूपाचेच, पण वेळ सकाळची. हे पळायला, विलंबित घरी बसून, आणि वेगाच्या बटणाला हात लावायचा नाही, अशी तंबी मिळाली. पंधरा दिवस मी मुकाट्याने घरी बसून मात्रा मोजल्या. गुरुपौर्णिमेला गायले. एकदा लय सुटायला लागली तशी पहिल्या ओळीत बसलेल्या बाईंनी नुसती भुवई उचलली आणि मी जागेवर आले. नंतर पेढा देत म्हणाल्या, आज रिक्षा लागली नाही.

त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी, बंदिश संपल्यावर, बाई थोडं थांबतात. मग त्यांचा आवाज येतो, “आता एक फेरी माझी. माझे गुडघे दुखतात, तेव्हा चाला. आणि वर बघा.”

बहावा आहे. मी जाऊन त्यांना सांगितलं. आता दर शिकवणीला आधी झाडाची खबर द्यावी लागते, मग तंबोरा लागतो. तीन फेऱ्या मी माझ्या पळते. चौथी बाईंची, ती मी त्यांच्या पायांनी चालते.