मोंढ्यातला मातीचा बैल

त्या पावसाळ्यात पूर्णेला पूर आला आणि वसमतकडच्या माझ्या माहेरी भावाचं चाक, मडकी भाजायचा आवा, वाळत घातलेला माल सगळं घेऊन गेला. शेजारच्या कुंभारांचीही तीच गत झाली. इकडे हिंगोलीत आम्ही सगळे कुंभार जमलो. माझे चुलतसासरे आमच्यात थोरले. ते म्हणाले, दारोदार हात पसरायला नको, एक मातीचा गल्ला करू आणि मोंढ्यात, भर बाजारात ठेवू. मला वाटलं, मुठीएवढा गल्ला असेल. त्यांच्या डोक्यात बैल होता.

बैल चुलतसासूंच्या कमरेला लागेल एवढा झाला. शिंगं झोकात, पोट गोल, तोंड मात्र बिघडलं. कुणावर तरी रुसून बसल्यासारखं दिसायचं. चुलतसासू म्हणाल्या, हा तुमच्यावरच गेलाय. चुलतसासऱ्यांनी तो तसाच भाजला. पाठीवर पैसे टाकायला फट ठेवली होती. काढायचे कसे, हा प्रश्नच नव्हता, कारण गल्ला फोडायचाच असतो.

हळदीच्या ढिगांशेजारी आम्ही तो ठेवला आणि गळ्यात "पुरातल्या कुंभारांसाठी" अशी पाटी अडकवली. हमाल जाता-येता पाठीवर थाप मारायचे. त्यांचे हात हळदीने माखलेले, त्यामुळे संध्याकाळपर्यंत बैल पिवळाधमक. दुसऱ्या दिवशी एका बाईनं पिवळा बैल बघून त्याला कुंकू लावलं. मग नारळ आले, अगरबत्ती आली. बंजारा तांड्यावरच्या एका आजोबांनी शिंगांना गोंडे बांधले. पाटी हारांखाली दिसेनाशी झाली, पण पैसे पडत राहिले. कुणी परीक्षेसाठी टाकायचं, कुणी सोयरीक जुळावी म्हणून. एक बाई तर नवऱ्याची तक्रार रोज बैलाच्या कानात सांगून जायची.

बैल भरला तेव्हा सासरे हातोडी घेऊन गेले. मी आणि चुलतसासू सोबत होतो. हमालांचा मुकादम आडवा आला.

"मामा, देव फोडून राहिले व्हय?"

सासऱ्यांनी समजावलं, हा देव नाही, हा मी माझ्या हातानं केलाय.

"देव समदे कुणीतरी केलेलेच असतेत," मुकादम म्हणाला.

सासऱ्यांनी हातोडी खाली ठेवली. मग चौघांनी बैल उलटा धरून हलवला. दोन नाणी आणि शर्टाचं एक बटण पडलं. देवाचे पाय वर केले म्हणून लोक आमच्यावरच चिडले. मला रडू यायचं बाकी होतं. तिकडे भाऊ नव्या चाकासाठी खोळंबला होता, आणि पैसा इथं बैलाच्या पोटात अडकलेला.

तेवढ्यात चुलतसासू पुढे झाल्या. त्यांनी बैलाच्या पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि मुकादमाला म्हणाल्या, "पोट फुगलंय याचं. दुखणाईत बैलाला मोकळं करावं का न्हाई?"

मुकादमानं घरी जनावरं पाळलेली. त्यानं गंभीरपणे विचार केला आणि करावं म्हणाला. चुलतसासूंनी शेपटीखाली बोट दाखवलं. भर बाजारात तिथं भोक पाडायची सासऱ्यांना लाज वाटली. दुसरीकडून नाही का चालणार, असं त्यांनी हळूच विचारलं.

"मंग बैलं कुठून करतेत?" चुलतसासू म्हणाल्या.

सासरे मान वळवून सुताराकडून आणलेलं गिरमिट फिरवू लागले. तडा जाऊ नये म्हणून मी पाणी सोडत होते. भोक मोठं झालं तशी नाणी घमेल्यात खळखळली. मग नोटा आल्या, त्या मी चिमट्यानं ओढल्या. मुकादम बैलाच्या पाठीवरून हात फिरवत "होऊन राहिलं, होऊन राहिलं" असा त्याला धीर देत होता. गर्दीतलं कुणी हसत नव्हतं. शेवटी चुलतसासूंनाच हसू फुटलं, मग मला, मग साऱ्या मोंढ्याला. सासरे तेवढे गोरेमोरे.

त्या पैशात माहेरच्या कुंभारांना चाकं, सरपण आणि ताडपत्र्या मिळाल्या. टेम्पोसोबत मीच गेले. एवढे पैसे कुठून काढले, असं भावानं विचारलं. मी खरंखुरं सांगितलं. तो मातीत बसून इतका हसला की वहिनीला वाटलं, पुन्हा रडायला लागला, म्हणून ती पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

दिवाळीआधी त्यांचा आवा पेटला. पणत्या घाईघाईत केलेल्या, जरा वेड्यावाकड्याच होत्या, पण वसमतच्या बाजारात सगळ्या खपल्या.