मधल्या थांब्यावरचं माहेर

मागच्या हिवाळ्यात मुलाने मला नागपूरच्या बाहेर, नव्या वसाहतींच्या रस्त्याला, एका खाण्याच्या ठिकाणी नेलं. नेलं म्हणजे काय, गाडीतच बसवून ठेवलं. तिथे उतरायचंच नसतं म्हणे. आधी एका खांबाला सांगायचं काय पाहिजे ते, मग गाडी पुढे सरकवायची, खिडकीतून पिशवी घ्यायची आणि चालू लागायचं. सून कौतुकाने सांगत होती, "आई, किती बरं आहे ना! गाडी लावायला जागा शोधायला नको, रांगेत उभं राहायला नको. शहरात आता असंच पाहिजे." मी ऐकून घेतलं. मग दार उघडलं आणि उतरले.

मागच्या गाड्यांनी जे काही भोंगे वाजवले, विचारू नका. मी चालत त्या खिडकीपाशी गेले. आतली पोरगी कानाला यंत्र लावून उभी होती, बिचारी घाबरली. "आजी, इथे पायी आलेल्यांना देत नाही," म्हणाली. मी म्हटलं, "का गं बाई? माणसानं काय चाकं लावून यायचं?" मुलगा लाजेने लाल झाला.  परत येताना सुनेने हळूच विचारलं, "पण आई, तुम्ही उतरलात कशाला?"

तिला सांगितलं नाही. इथे सांगते.

माझं गाव शेलूबाजार. मंगरुळपीरहून अकोल्याला जाणारी एष्टी आमच्याकडे थांबते. मी बोलते आहे ते दिवस बहात्तरच्या दुष्काळानंतरचे, विहिरींना पुन्हा पाणी लागलं होतं तेव्हाचे. आमचं स्वतःचं शेत नव्हतं. बाबा गावाबाहेरच्या एका मळ्यात बटाईने राबायचे. हिवाळ्यात पेरू, उन्हाळ्यात काकडी. ती विकायला माय आणि मी थांब्यावर. माझी शाळा सुटलेली, लग्न ठरायचं होतं, आणि आवाज असा खणखणीत की बाबा म्हणायचे, हिला भोंग्याच्या जागी बसवा.

बस दिसली की पळायचं. थांबल्यावर पळून उपयोग नाही, वेळ थोडा असतो. टोपली दोन्ही तळहातांवर डोक्याच्या वर धरायची. म्हणजे वरच्या माणसाला पेरू दिसतो, आपल्याला माणूस दिसत नाही. खिडकीच्या गजांमधून फक्त हात खाली येतो. त्या वर्षांत मी माणसं कमी आणि मनगटं जास्त पाहिली. घड्याळाचं मनगट घासाघीस करतं, गोंदलेलं मनगट दाबून दाबून पेरू निवडतं, आणि लहान लेकराचा हात काय मिळेल ते ओढतो. "ए पोरी, तिखट-मीठ लाव. ए पोरी, लवकर कर." बस सुटली तरी काही जणांचे पैसे यायचे असत, मग बसच्या बरोबरीने धावायचं. बसलेल्याची सोय म्हणजे खाली उभ्या असलेल्याची धावपळ, हे मला तेव्हाच कळलं. त्याला फार अक्कल लागत नाही, पायांत काटे मोडले की कळतं.

माय मात्र खिडकीवर खूश होती. तिचंही खरं होतं. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर आली, पण थांब्यावरच्या हॉटेलात आमच्यासाठी कप वेगळेच होते, बाहेर पत्र्याच्या खाली पालथे ठेवलेले. खिडकीतून येणारा हात मात्र पेरू कोण्या घरचा ते विचारत नव्हता. विचारायला वेळच नसे. माय म्हणायची, "खिडकी लय इमानदार हाय पोरी. तिले फक्त पेरू दिसते." कोणी उतरून दोन घटका बसला, गावात चौकशी केली, की मग कोणाच्या हातचं खाल्लं हे निघायचं. म्हणून कोणी न उतरलेलंच तिला बरं वाटायचं. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

माझी मोठी बहीण, ताई, दुष्काळ सरल्यावर दिली होती. सासर पोहरादेवीच्या पलीकडे. लग्नात एक चूक झाली. पंगतीच्या गडबडीत तिच्या सासूच्या भावाला आहेर करायचा राहून गेला. राहून गेला, कोणी मुद्दाम केलं नाही. पण आमच्याकडे या गोष्टीला माफी नसते. माणूस मेलेलं विसरतील, आहेर विसरणार नाहीत. सासूने मनात धरलं ते धरलं.

आमच्यात लेक आपणहून माहेरी येत नाही. बापाने किंवा भावाने मुऱ्हाळी होऊन जायचं, सासरच्यांना विचारायचं, त्यांनी हो म्हटलं की तिला घेऊन यायचं आणि साडी-चोळी करून पाठवायचं. भाऊ नव्हता आम्हाला. दिवाळीला बाबा गेले. सासू म्हणाली, "आमच्या भावाचा मान ठेवला नाई तुमी. आमी पोरगी धाडत नाई." अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुन्हा गेले, त्या भावासाठी धोतरजोडी घेऊन. ती ठेवून घेतली आणि पोरगी नाही म्हणाले. बाबा रात्री परत आले आणि न जेवता झोपले. मी तर त्या बाईला अशा शिव्या दिल्या की मायने माझ्या तोंडावर हात ठेवला. "चूप वो! तिले नांदायचं हाय तिथं."

आता गंमत बघा. ताईची नणंद अकोल्याला दिलेली. सासू तिच्याकडे जायची ती सोबत कामाला ताईला घेऊन. आणि ती बस आमच्याच थांब्यावर थांबायची. माझी बहीण माहेराच्या दारावरून जायची, आणि उतरत नव्हती.

पहिल्यांदा पाहिली ती हिवाळ्यात. खिडकीतून हात आला, त्यात हिरव्या बांगड्या. मी पेरू पुढे केला, तर त्या हाताने पेरू सोडून माझी वेणी धरली. "काय वो भवाने, वळखत नाईस काय?" मी किंचाळलेच. माय पुढच्या खिडकीवरून धावत आली. ताई गजांना तोंड लावून हसत होती. बस लागते, ओकारी येते, असं सांगून तिने खिडकीची जागा मिळवली होती. मायने विचारलं, "बरी हायेस काय?" "हाव. तुमी?" "आमी बरे. जेवतं काय नीट?" तेवढ्यात पलीकडून सासूचा आवाज, "फुकट नको वो बाई आमाले, पैसे घ्या." आणि लेकीला दिलेल्या पेरूचे पैसे मायच्या हातावर आले. मायने ते घेतले. काय करणार?

मग आमचा तोच नेम झाला. मानोऱ्याकडची, म्हणजे ताईच्या सासरकडची, बस आली की माय डाव्या बाजूच्या सगळ्या खिडक्या बघून घ्यायची, विक्री नंतर. कधी महिन्याने भेट, कधी तीन महिन्यांनी. दोन वाक्यं, एक पेरू, आणि घंटी. लेकीचं माहेरपण आम्ही गजांमधून केलं. घरी गेल्यावर माय ती दोन वाक्यं बाबांना पुन्हा पुन्हा सांगायची. बाबा विचारायचे, "अजून काय म्हने?" अजून काय म्हणणार होती ती!

पुढच्या होळीनंतर आली तेव्हा मी हात ओळखलाच नाही. बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकलेल्या. नखं पिवळी. वर पाहिलं तर डोळेही पिवळे. कावीळ झाली होती, गावच्या झाडपाल्यावर काढली होती, आणि आता नाइलाज म्हणून अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेत होते. सासू शेजारी, जवाई मागे उभा. मी काकडी वर धरली. तिने काकडी घेतली नाही, माझं मनगट धरलं. हात तव्यासारखा तापलेला. तोवर माय खिडकीखाली आली होती.

"माय," ती म्हणाली, "मले उतरून घ्या वो. मले घरी जायचं हाय. एक रात. मंग नेतीन हे अकोल्याले."

मी टोपली खाली टाकली आणि दाराकडे पळाले. कंडक्टर भला माणूस होता, रोजचा ओळखीचा. त्याने घंटीची दोरी धरलेला हात खाली घेतला. "उतरायचं काय बाई तिले? उतरा, मी थांबतो." सगळी बस थांबली होती. ड्रायव्हरने मान मागे वळवली होती. कोणाची काही घाई नव्हती. आयुष्यात एकदाच ती बस आमच्यासाठी थांबली.

सासू खिडकीतून मायला म्हणाली, "उतरवा ना! उतरवा. पन मंग तिकडंच ठेवा. आमच्या दारात पाय ठेवायचा नाई मंग तिनं."

मायने ताईकडे पाहिलं. जवायाकडे पाहिलं, तो बुटांकडे बघत होता. मी ओरडले, "माय, काहून पाहून राह्यली? घे ना तिले उतरून!" मायने गजांतून हात घातला, ताईच्या कपाळावरून फिरवला आणि म्हणाली, "नाई बाई. अशी मधीच उतरू नये. लोक म्हनतीन पळून आली. दवाखान्यात जा, बरी हो, मंग तुह्या बापाले मुऱ्हाळी धाडतो. साडी-चोळी करतो तुले. मानानं ये."

"माय, मले नाई वाटत..."

"जाऊ द्या जी," माय कंडक्टरला म्हणाली. त्याने तिच्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग घंटी दिली.

मायची चूक होती का? दवाखान्यात जायलाच हवं होतं, मधे उतरवून काय साधलं असतं, असं मला पुढे अनेकांनी समजावलं. शहाणे लोक आहेत, बरोबरच बोलतात. मला तरी राग येतो. अजून येतो. मायचा येतो, त्या रीतीचा येतो, आणि त्या खिडकीचा येतो. इतके महिने लेक खिडकीतून भेटत होती म्हणून आम्हाला वाटत राहिलं की ती भेटते आहे. भेट होतच नसती तर बाबांनी त्यांच्या दारात धरणं धरलं असतं, मायने पंच जमवले असते, काहीतरी झालं असतं. थोडक्यात भागत होतं, म्हणून आम्ही थोडक्यावरच राहिलो.

त्याच दिवशी संध्याकाळी बाबांनी ठरवलं, आठवडी बाजार झाला की अकोल्याला जायचं, तिला बघून यायचं. मायने साडी काढून ठेवली.

बाजाराच्या दिवशी रस्ता बैलगाड्यांनी भरलेला होता. ऊन रणरणत होतं, काकडी चांगली खपत होती. अकोल्याकडून ताडपत्री टाकलेली एक जीप आली आणि गर्दीत हळू झाली. गाडी हळू झाली की मायचे पाय तिला न विचारता पळायचे. "काकडी घ्या काकडी! थंडगार काकडी!" टोपली डोक्यावर धरून ती जीपच्या पुढच्या बाजूला पळाली. ड्रायव्हरजवळ जवाई बसला होता. मायचा चेहरा उजळला. टोपली तशीच वर धरून ती त्याला विचारू लागली, "कशी हाय माही पोरगी? उतरला काय ताप?"

मी मागच्या बाजूला होते. ताडपत्रीचा एक कोपरा सुटला होता. आत दोन माणसांच्या पायांमध्ये चादरीत गुंडाळलेलं होतं, आणि चादरीबाहेर एक हात आला होता. हिरव्या बांगड्या कोपरापाशी.

पुढून जवायाचा आवाज आला, "मामी, गेली ती. थांबता येत नाई. ऊन लय हाय." ड्रायव्हरने भोंगा वाजवला, बैलगाडी बाजूला झाली, आणि जीप मंगरुळपीरकडे निघून गेली. ताई आमच्या दारावरून गेली. उतरली नाही. या वेळेला विचारायला कंडक्टरही नव्हता.

मी रस्त्यात बसून गळा काढला. माय रडली नाही. ती तशीच उभी, टोपली वर. तेवढ्यात मानोऱ्याची बस आली. डाव्या बाजूच्या खिडकीतून हात बाहेर आला, "ओ बाई, काकडी कशी दिली?" मायने भाव सांगितला. आवाज रोजचाच. काकडी दिली आणि पुढच्या खिडकीकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक खिडकीत ती मान उंच करून बघत होती. सगळ्या खिडक्या संपल्यावर ती दाराशी गेली आणि कंडक्टरला म्हणाली, "जी, माही पोरगी असन आत. तिले म्हना, उतर आता. कोनी काई म्हनत नाई."