मामा फुगडी म्हणाले होते

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि ती तर माझ्या खिशातलं बसचं तिकीट काढून वाचणारी बाई. तुम्हाला का सांगतोय? कुणास ठाऊक. सकाळपासून घरात येरझारा घालतोय, दोनदा चहा गार झाला. तुम्ही बसा. मला बसवत नाही.

आधी मामांबद्दल सांगतो. नाही, आधी घोड्यांबद्दल. नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी सें पिएरला उसाच्या मळ्याच्या कचेरीत कारकून होतो. शनिवारी पोर्ट लुईच्या, आमच्या बेटाच्या राजधानीच्या, मैदानात घोडे पळायचे आणि गावातले चार-पाच जण आपली पैज माझ्या हाती द्यायचे. फ्रेंच मला येत होतं ना! शिवाय इस्त्रीचा शर्ट घालून बुकींच्या गर्दीत मिरवायची हौस. ती तर भारीच होती.

पैजेचे प्रकार मीच त्यांना शिकवले. समजा तीन शर्यतींतले तीन घोडे निवडले. तिघांवर मिळून एकच पैज लावली, तर तिन्ही यायला हवेत. एक हुकला की सगळं पाण्यात. पण त्याच तिघांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या – पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा – तर एक आपटला तरी उरलेल्या दोघांची जोडी जिंकते. मात्र पैसे तीन जोड्यांत वाटले जातात, म्हणून हाती येतं थोडं. बुकीला सांगायचं 'दे पार दे', दोन-दोन. हे आमच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात शिरेना. मग मामाच म्हणाले, अरे, ही तर फुगडी! दोघी-दोघींची. आणि ती सगळ्यांची मिळून, तो झिम्मा. एकीनं हात सोडला की फेर मोडला. झालं, त्या दिवसापासून गावात फुगडी आणि झिम्मा हेच शब्द.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. अक्षरओळख नाही, अंगठा उठवायचे. पण गणपतीत झाकडी नाचायची तर गाणी मामांचीच. त्यांच्या आज्यानं जहाजातून आणलेली, कोकणातल्या कुठल्याशा गावची. कुठंही लिहिलेली नाहीत, सगळी मामांच्या डोक्यात. एक कडवं इकडचं तिकडं व्हायचं नाही. त्या माणसाकडं दुसरं होतं काय? ऊस तोडून वाकलेली पाठ आणि ती गाणी.

तर त्या शनिवारी मामांनी अंगणात मला तीन घोडे सांगितले आणि म्हणाले, फुगडी घाल. फुगडी. मी स्वच्छ ऐकलं. मामी तेव्हा मागं कोंबड्यांना दाणे टाकत होती.

मी झिम्मा घातला.

का? घाई नव्हती, विसरलोही नव्हतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय! तिन्ही घोडे येणारच, मग घरी जाऊन मामांना चकित करू, गावभर माझं नाव होईल. शहाणपणा, दुसरं काय. दोन घोडे पहिले आले. तिसरा त्याच्या शर्यतीत चौथा आला.

परत येईस्तोवर मामांनी रेडिओवर निकाल ऐकला होता. दोन आले म्हणजे एक फुगडी जिंकली, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मामीला शिलाईचं मशीन घ्यायचं, हे शेजारी सांगूनही झालं होतं. मी दारात उभा. मामी हसत चहा घेऊन आली. तेव्हा बोलायचं होतं मी. चुकलो म्हणायचं, एवढंच. मामांनी दोन शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. जीभ उचललीच नाही – उचलली ती भलत्यासाठी.

"मामा, तुम्ही झिम्मा म्हणालात," मी म्हणालो.

"फुगडी म्हणालो रे, दिनू."

"नाही मामा. झिम्मा. मी परत विचारलं होतं."

विचारलं नव्हतं. मामांनी मामीकडं पाहिलं; तिनं तर काही ऐकलंच नव्हतं. ते ओट्यावर बसले. ओठ हलत होते, सकाळचं बोलणं पुन्हा म्हणून बघत असावेत. मग हळूच म्हणाले, म्हटलं असेन.

आयो, तिथंच थांबलं असतं तर! त्या वर्षी गणपतीत ढोलकी चालू, पोरं फेर धरून, आणि मामा मधेच थांबले. हेच कडवं ना रे, म्हणून माझ्याकडं पाहिलं. कडवं बरोबर होतं. पण त्यांना भरवसा राहिला नव्हता. पुढच्या वर्षी ते मागं बसले. लोक म्हणाले, वय झालं. चेष्टाही व्हायची – मामांना मीठ आणायला धाडलं तर साखर आणतील. मी हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं, बहुतेक.

नंतर बैठकेच्या, म्हणजे गावातल्या संध्याकाळच्या मराठी शाळेच्या, मास्तरांनी ठरवलं, मामांची गाणी लिहून काढायची. वही घेऊन मलाच धाडलं. अक्षर चांगलं ना माझं! मामा वहीकडं बघत राहिले. "नको. माझं डोकं कसं आहे ते तुला ठाऊक आहे," म्हणाले. "चुकीचं लिहिलं जाईल, मग पोरं जन्मभर चुकीचं म्हणतील."

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार उघडं, बाहेर कुणी नाही. याहून सोपी वेळ कुणाला मिळते? मी वही मिटली. मास्तरांना सांगितलं, मामांना आता आठवत नाही.

दोन वर्षांनी मामा गेले. शेवटपर्यंत डोकं शाबूत होतं. गुरांची, माणसांची, मेलेल्यांची, सगळ्यांची नावं सांगायचे. गाणं मात्र कधी म्हटलं नाही. गाणी गेली. आज गावात झाकडी होते ती कॅसेटवर, मुंबईहून आणलेल्या.

तेराव्याला माणसं पांगल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "त्या घोड्यांच्या शनिवारपासूनच यांचं डोकं गेलं. तू होतास ना रे तेव्हा? तुझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं ना?"

मी म्हणालो, "होय मामी."