घडीभाऊंच्या फळ्या

दवाखान्याच्या कपडेखोलीत खिडकीशी माझं शिवणयंत्र असतं. फाटलेल्या चादरी सांधायच्या, अभ्र्यांना बंद लावायचे, हे माझं काम. खोलीचे प्रमुख होते घडीभाऊ. खरं नाव हजेरीपटातच राहिलं. जुन्या चादरीची घडी अशी घालायचे की आजच दुकानातून आली असं वाटावं. कुठलं कापड कुठे, ते त्यांच्या डोक्यात पक्कं. डोळे मिटून हात घातला तरी हवं तेच हाताला लागायचं.

दम्याने मात्र पार पोखरलं होतं त्यांना. तळघरातल्या धुलाईत, वाफेत, बारा वर्षं काढली. मग डॉक्टरांनीच भांडून त्यांना या कोरड्या खोलीत आणलं. आणि आता दवाखान्याचा कारभार बघायला आलेल्या नव्या मॅडमचं फर्मान निघालं. यापुढे सगळा कारभार इंग्रजीत, तीन महिन्यांनी तोंडी परीक्षा, नापास होईल तो खाली धुलाईत.

"भाऊंना वाफ सोसत नाही हो," मी जाऊन सांगितलं.

"नियम सगळ्यांना सारखा," मॅडम म्हणाल्या. सारखा म्हणे! छाती सगळ्यांची सारखी आहे का?

भाऊंनी पुस्तक आणलं. एकेका क्रियापदाची तीन-तीन रूपं बघून त्यांच्या नाकी नऊ आले. "ताई, वॉकचं वॉक्ड होतं, हे पटलं. पण गोचं वेंट? आईसारखं नाही, बापासारखं नाही, हे पोर आणलं कुठून?" मी हसून हसून बेजार. पण त्यांना रडू यायचंच बाकी होतं. "लुक म्हणजे बघणं ना? मग लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं कसं? चादरीला बटण लावलं म्हणून तिचा सदरा होतो का?"

मला काय कळतंय कपाळ! मी म्हटलं, "होतो असं समजा आणि पाठ करा."

पाठ होईना. शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीने घ्यायचं ठरवलं. चिठ्ठ्या केल्या आणि फळ्यांना चिकटवल्या. गो वरच्या फळीवर, हिरव्या कापडांपाशी. वेंट मधल्या फळीवर. गॉन खाली, घोंगड्यांशी. लुकची सगळी पिलावळ दाराजवळच्या कपाटात. जेवणाच्या सुट्टीत मी विचारायची. ते डोळे मिटायचे, हात वर जायचा, मधे थांबायचा आणि उत्तर यायचं. एकही चुकायचं नाही. आता भाऊ खाली जात नाहीत, असं मी घरी छाती ठोकून सांगितलं.

परीक्षेच्या चार दिवस आधी लाकडी फळ्या काढून लोखंडी मांडण्या लावायचा हुकूम आला. मी म्हटलं, "भाऊ, रजा टाका. लावू द्या दुसऱ्यांना."

"दुसरे लावतील आणि ऑपरेशनच्या वेळी कापड सापडायचं नाही," म्हणाले.

दोन दिवस एकट्याने राबून त्यांनी सगळी खोली नव्याने लावली आणि सवयीप्रमाणे तीही डोक्यात पक्की बसवली. चिठ्ठ्या मी गोळा करून यंत्राच्या खणात ठेवल्या.

परीक्षेला मी उघड्या दाराबाहेर उभी होते. पहिलाच प्रश्न गोचा. भाऊंनी डोळे मिटले, हात वर गेला आणि वरच राहिला. त्यांच्या डोक्यातल्या खोलीत तिथे आता टॉवेल होते. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, तोच अधांतरी हात. बाहेर आले ते घामाने निथळत. "ताई, जुनी खोली दिसतच नाहीये हो," एवढंच बोलले. सोमवारी ते खाली गेले.

त्यांच्या जागी आलेला कारकून इंग्रजी फाडफाड बोलतो, नोंदवहीही बघत राहावी अशी लिहितो. पण त्याला एक घोंगडी सापडेल तर शपथ! दिवसातून दोनदा तो भाऊंना वर बोलावतो. भाऊ येतात, दाराची चौकट धरून श्वास मिळवतात, बोटाने जागा दाखवतात. बोलायला दम उरत नाही.

काल मला राहवलं नाही. "कशाला येता? शोधू दे ना त्याचं त्याला!" मी जवळजवळ ओरडलेच.

"पेशंट कुडकुडतोय, ताई," थांबत थांबत म्हणाले आणि वळले.

जिना तीस पायऱ्यांचा आहे. गेल्या महिन्यात उतरताना ते एकदाच टेकायचे. काल मी यंत्र बंद करून ऐकत बसले. चार वेळा थांबले.